घरच्या सुतारकामातली बारीक धूळ कशी आवरायची

नाशकात घरच्या घरी सुतारकाम करणारे आता बरेच झालेत. कोणी सिडकोतल्या रो हाऊसच्या पार्किंगमध्ये टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) मांडलाय, कोणी इंदिरानगरला गच्चीवर पत्र्याची शेड टाकलीय, कोणी गंगापूर रोडला बंगल्याच्या मागची एक खोलीच यासाठी ठेवलीय. हत्यारं ऑनलाइन मिळतात, लाकूड वखारीतून नाहीतर अंबड-सातपूरकडच्या भंगारवाल्यांच्या पॅलेटमधून मिळतं, व्हिडिओ बघत बघत हात बसतो. सगळं छान आहे, फक्त धुळीचं कोणी मनावर घेत नाही, आणि ते घ्यायलाच पाहिजे म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे जमिनीवर जो भुसा पडलेला दिसतो ना, त्याची एवढी काळजी करू नका. तो जड आहे म्हणून खाली पडला, गोळा करून भरला की विषय संपला. त्रास आहे तो न पडणाऱ्या धुळीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि १० मायक्रॉनच्या खालचे कण नाकातून पुढे छातीत जातात, अडीच मायक्रॉनच्या खालचे तर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत. हे कण डोळ्याला दिसत नाहीत आणि लवकर खालीही बसत नाहीत. हवा अगदी शांत असेल तर दीड मीटर उंचीवरचा १० मायक्रॉनचा कण खाली यायला सात-आठ मिनिटं घेतो, अडीच मायक्रॉनचा दोन तास, आणि १ मायक्रॉनचा बारा तासांच्या आसपास. आणि शेडमधली हवा शांत कुठे असते, पंखा चालू, आपण येणार-जाणार, म्हणजे तुम्ही संध्याकाळी सँडर (लाकूड घासायचं मशीन) बंद करून जेवायला गेलात आणि सकाळी परत आलात तरी कालची धूळ अजून हवेत असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला गट १ मध्ये टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा आहे असा गट. मुख्यतः नाकाचा आणि सायनसचा कॅन्सर, आणि वर्षानुवर्षं फर्निचरच्या कारखान्यात काम करणाऱ्यांमध्ये तो जास्त दिसला. घरी रविवारी दोन तास काम करणाऱ्याला तेवढा धोका नाही हे खरं, घाबरून हत्यारं विकायची गरज नाही. पण दमा, सततची सर्दी, नाक चोंदणं, खोकला, डोळे चुरचुरणं हे सगळं त्याच्या खूप आधी सुरू होतं. आपल्याकडे सगळ्यांना सागवान आवडतं आणि सागाच्या धुळीनेच बऱ्याच जणांना अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, शिसवीचंही तसंच. एकदा का शरीराने एखाद्या लाकडाची ॲलर्जी धरली की मग थोड्याशा धुळीनेही त्रास होतो, म्हणून "मला तर काही होत नाही" यावर विसंबू नका. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली शीट) आणि प्लायमध्ये लाकडासोबत फॉर्मल्डिहाइडवाला रेझिनही असतो, आणि एमडीएफची धूळ इतकी बारीक की पिठासारखी सगळीकडे जाऊन बसते.

किती धूळ म्हणजे जास्त, हे एकदा आकड्यात बघा. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस आहे की कामाच्या जागी लाकडाची धूळ एका घनमीटर हवेत सरासरी १ मिलिग्रॅमच्या वर नको. युरोपात कठीण लाकडासाठी २०२३ पासून २ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आता तुमची खोली १० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंच धरा, म्हणजे १२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. एका मिलिग्रॅमच्या हिशोबाने अख्ख्या खोलीच्या हवेत मिळून फक्त ३४ मिलिग्रॅम धूळ चालेल. स्वयंपाकात आपण चिमूटभर मीठ टाकतो ते याच्या कितीतरी पट भरतं. आणि एक टेबलटॉप घासताना सँडरमधून काही ग्रॅम भुकटी सहज निघते, हे डबा रिकामा करताना सगळ्यांनी बघितलेलं असेल. म्हणजे शंभरातली पंच्याण्णव टक्के धूळ पकडली तरी उरलेली पाच टक्के ही मर्यादा ओलांडायला पुरते. म्हणून धूळ हवेत जाऊ द्यायची आणि मग तिच्या मागे लागायचं हे महागात पडतं, जिथे तयार होते तिथेच ओढून घ्यायची.

तुमच्याकडे किती आहे ते बघायला फुकटातली टेस्ट आहे. रात्री काम झाल्यावर सगळे दिवे बंद करा आणि मोबाइलचा नको, चांगला झोत पडणारा टॉर्च बाजूने धरा, झोताकडे तिरकं बघा. झोत दुधासारखा पांढरा दिसला तर ती सगळी तुमच्या श्वासातली धूळ आहे. अर्ध्या तासाने परत बघा, एक तासाने परत बघा. ज्यांना आकडा पाहिजे त्यांनी पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण) दाखवणारा छोटा लेझर सेन्सरवाला मॉनिटर घ्यावा. लाकडाच्या धुळीसाठी त्याचा आकडा तंतोतंत बरोबर नसतो, पण आधी किती होता आणि बदल केल्यावर किती झाला ही तुलना तो चांगली करतो, आणि आपल्याला तेवढंच पाहिजे.

आधी धूळ कमी पाडा

मशीन घेण्याच्या आधीची ही गोष्ट आहे आणि यात पैसा जात नाही. धारदार हत्यार मोठा छिलका काढतं, बोथट हत्यार घासून पीठ करतं. ब्लेड काळं पडलंय, कापताना जळका वास येतोय, तर समजा की बारीक धूळही दुप्पट जोमाने निघतेय, ब्लेड धार लावून आणा. रंध्याने काढलेली ढलपी तर हवेत उडतच नाही, पायाशी पडते. त्यामुळे पृष्ठभाग सपाट करायचं काम जमेल तेवढं रंध्याने करा, सँडर फक्त शेवटी. आपले जुने मिस्त्री फुटलेल्या काचेच्या धारेने लाकूड खरवडायचे ते बघितलं असेल, ती पद्धत अजूनही उत्तम आहे, काच नको असेल तर स्टीलची स्क्रेपर पट्टी घ्या. सागावर नीट धार लावलेला स्क्रेपर चालला की पातळ कागदासारखे छिलके येतात आणि १२०, १८० नंबरच्या पॉलिश पेपरचा अर्धा घासा वाचतो.

पॉलिश पेपरही वेळेत बदला. गुळगुळीत झालेला पेपर दाबून दाबून फिरवला की लाकूड निघत नाही, नुसतं पीठ निघतं आणि लाकूड तापतं. ८०, १२०, १८० आणि फार तर २२०, बहुतेक फर्निचरला एवढं पुरतं, त्याच्यापुढे कोऱ्या लाकडावर ४०० पर्यंत जायची गरज नसते. पॉलिशच्या दोन कोटांच्या मध्ये घासायचं असेल तर पहिला कोट पूर्ण वाळू द्या आणि वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा, धूळ सगळी पाण्यात राहते. कोऱ्या लाकडावर मात्र पाणी नको, रेषा उभ्या राहतात.

सँडर

बहुतेकांना वाटतं सगळ्यात घाण मशीन टेबल सॉ, कारण ढीग त्याच्याखाली दिसतो. मला विचाराल तर बारीक धुळीत सँडर पहिल्या नंबरवर आहे, आणि सुदैवाने त्याचीच धूळ पकडणं सगळ्यात सोपं आहे. म्हणून पैसे कमी असतील तर पहिला खर्च इथे करा, बाकीचं नंतर.

सँडरसोबत जी कापडी पिशवी किंवा छोटा डबा येतो तो काढून ठेवा. ती पिशवी जाड भुकटी धरते आणि बारीक धूळ कापडातून तुमच्या तोंडासमोर सोडते. त्याऐवजी वेट-ड्राय व्हॅक्यूमचा पाइप लावा. पाइपचा व्यास आणि सँडरच्या तोंडाचा व्यास कधीच जुळत नाही, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, त्यासाठी ॲडॉप्टर शोधत बसू नका, पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार-पाच इंच तुकडा आणा, एका टोकाला सँडर, दुसऱ्या टोकाला पाइप, दोन्हीकडे होज क्लिप. हवा गळत नाही आणि रबर असल्यामुळे सँडरच्या थरथरण्याने निघतही नाही.

मग पेपरची भोकं बघा. पाच इंची ऑर्बिटल सँडरच्या पॅडला बहुतेक आठ भोकं असतात, आणि वेल्क्रोचा पेपर घाईघाईत चिकटवला की पेपरची भोकं आणि पॅडची भोकं अर्धी अर्धी झाकली जातात. सक्शन पुढे पोचतच नाही, व्हॅक्यूम नुसता आवाज करतो आणि धूळ कडेने बाहेर. पेपर लावताना दोन भोकांमध्ये दोन पेन्सिली उभ्या घाला, पेपर त्यांच्यावरून खाली सरकवा, सगळी भोकं आपोआप जुळतात. यापेक्षा चांगलं पाहिजे असेल तर जाळीचे सँडिंग डिस्क मिळतात, पूर्ण पृष्ठभागातून हवा ओढली जाते, महाग आहेत पण टिकतात जास्त. सक्शन फार जोरात असेल तर सँडर लाकडाला चिकटल्यासारखा होतो आणि गोल गोल खुणा पडतात, तेव्हा व्हॅक्यूमची हवा थोडी मोकळी सोडा. मशीन लाकडावर टेकवून चालू करा आणि बंद करून थांबल्यावरच उचला, उचलून धरलेला फिरता सँडर धूळ चौफेर फेकतो.

व्हॅक्यूम आणि त्याच्या आधीचा डबा

व्हॅक्यूम कुठला घ्यायचा यावर लोक खूप वेळ घालवतात, माझ्या मते ब्रँडपेक्षा त्यात फिल्टर कुठला आहे ते बघा. स्पंजचा फिल्टर पाणी ओढण्यासाठी असतो, कोरड्या लाकडाला तो चालत नाही, बारीक धूळ मागच्या बाजूने तशीच बाहेर पडते आणि उलट जोरात पडते. घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर पाहिजे, हेपा दर्जाचा (अगदी बारीक कणही धरणारा) मिळाला तर उत्तम, आणि आत कागदी नाहीतर न विणलेल्या कापडाची पिशवी लावायची सोय असेल तर ती लावाच. पिशवीमुळे फिल्टर लवकर तुंबत नाही आणि रिकामं करताना धुरळा उडत नाही, नाहीतर पकडलेली सगळी धूळ कचरा टाकताना परत आपल्याच अंगावर.

पण पिशव्यांचा खर्च येतो म्हणून व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोन लावायचा. प्लास्टिकचा शंकूच्या आकाराचा तयार सायक्लोन ऑनलाइन मिळतो, तो रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या डब्याच्या झाकणावर बसवायचा, रंगाऱ्याकडे असे डबे पडलेले असतात. हवा आत गोल फिरते, जड भुसा कडेला आपटून डब्यात पडतो, आणि हलकी हवा वरून व्हॅक्यूमकडे जाते. झाकणाची कड सिलिकॉनने बंद करा, कारण कुठे थोडी जरी हवा शिरली तरी भुसा डब्यात न पडता वर ओढला जातो. आणि डबा जाड घ्या. सँडरखाली काही अडकलं, पाइप बंद झाला, की पातळ डबा एका क्षणात आत ओढला जाऊन चेपतो, आवाजाने दचकायला होतं. एकात एक दोन डबे घातले तर हा प्रश्न येत नाही. डबा दोन-तृतीयांश भरला की रिकामा करा. सायक्लोन सगळं पकडतो असं समजू नका, अगदी बारीक धूळ त्याच्यातून पुढे जातेच, म्हणून मागचा फिल्टर लागतोच.

वीज बघून घ्या. १२००-१४०० वॅटचा व्हॅक्यूम आणि सँडर किंवा करवत एकाच ६ अँपच्या सॉकेटवर नको, ६ अँप म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट एवढंच. १६ अँपचा पॉइंट, बरी वायर आणि अर्थिंग नीट पाहिजे. कोरड्या हिवाळ्यात प्लास्टिकच्या पाइपला हात लागला की झटका बसतो तो स्टॅटिकचा, त्रासदायक असतो पण घरगुती व्हॅक्यूममध्ये त्याने स्फोट वगैरे होत नाही, अँटी-स्टॅटिक पाइप घेतला की तोही बंद होतो.

टेबल सॉ, राउटर आणि बाकीची मंडळी

टेबल सॉला घरचा व्हॅक्यूम पुरत नाही आणि यात व्हॅक्यूमची चूक नाही. व्हॅक्यूम जोरात ओढतो पण हवा थोडी ओढतो, सॉला भरपूर हवा लागते. चार इंची पाइपमध्ये भुसा खाली न बसता वाहत राहायला हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास पाहिजे, हिशोब केला तर तासाला साधारण ५६५ घनमीटर हवा होते, आणि घरचा व्हॅक्यूम त्याच्या पाव भागाच्या जवळपास देतो. त्यासाठी वेगळा डस्ट कलेक्टर लागतो. तो घेतला तर पिशवी किती मायक्रॉनची आहे ते विचारून घ्या. ३० मायक्रॉनची कापडी पिशवी असेल तर तो कलेक्टर ढीग साफ करेल आणि बारीक धूळ खोलीभर पसरवेल, असा कलेक्टर खोलीत ठेवण्यापेक्षा बाहेर ठेवा, भिंतीतून पाइप आत घ्या, वर पत्रा टाका पावसासाठी.

जॉबसाइटवाली छोटी सॉ असेल आणि एवढा खर्च नको असेल तर सॉच्या खालची उघडी बाजू प्लायच्या तुकड्यांनी बंद करा, मागे एक तोंड ठेवून तिथे व्हॅक्यूम लावा, ब्लेडभोवतीची फट झिरो क्लिअरन्सच्या पट्टीने कमी करा. खालची बरीच धूळ सापडते. ब्लेडच्या वरून जी तोंडाकडे येते ती मात्र गार्डला वेगळा पाइप लावल्याशिवाय सापडत नाही. ते जमत नसेल तर सॉ अंगणात काढा, मास्क लावा, आणि वारा तुमच्या एका बाजूकडून येईल असे उभे राहा. पाठीवर वारा घेऊन उभं राहिलं तर आपल्याच शरीरापुढे भोवरा तयार होतो आणि धूळ छातीपाशी घुटमळते.

राउटरने (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं मशीन) एमडीएफवर डिझाइन काढणारे खूप आहेत, देव्हाऱ्याच्या जाळ्या वगैरे. ते काम पाइप लावल्याशिवाय बंद खोलीत करूच नका. एवढंच सांगतो.

खोलीतली हवा

पकडून उरलेली धूळ बाहेर घालवायची. एक्झॉस्ट फॅनच्या डब्यावर एअर डिलिव्हरी लिहिलेली असते, घनमीटर प्रति तास. ३४ घनमीटरच्या खोलीला ७०० चा फॅन बसवला तर कागदावर तासाला वीस वेळा हवा बदलते, प्रत्यक्षात थोडं कमी धरा, तरी चांगलं आहे. पण आत येणारी हवा कुठून येणार ते आधी ठरवा. फॅन आणि दार एकाच भिंतीत असेल तर हवा दारातून येऊन तशीच फॅनमधून जाते आणि लांबच्या कोपऱ्यातली धूळ तिथेच. फॅनच्या समोरच्या भिंतीतली खिडकी उघडा, काम दोघांच्या मध्ये, फॅनच्या जवळ करा. काम संपल्यावर फॅन अजून अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, टाइमर लावला तर विसरत नाही. डोक्यावरचा सीलिंग फॅन मात्र घासताना बंदच, तो बसलेली धूळही उठवतो.

फॅनचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे किंवा कपडे वाळत घातलेल्या दोरीकडे नको. भांडण होईल म्हणून तर नकोच, पण त्या घरातही कोणी दम्याचं म्हातारं माणूस असतं, लहान मूल असतं.

आता आपल्याकडचा प्रश्न हिवाळ्याचा. निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशकातही सगळे दारं-खिडक्या लावून बसतात, आणि शेडमध्येही तेच करतात. थंडीत सकाळी बाहेरची हवाही जड असते, धूर-धूळ खालीच राहते, नाशिक केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहेच. तरीसुद्धा घासकाम चालू असलेल्या बंद खोलीपेक्षा बाहेरची हवा कितीतरी बरी. आपल्या देशाचं पीएम २.५ चं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि वर सांगितलेला १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. दोन्ही मापं एकाच प्रकारची नाहीत, एकात फक्त अडीच मायक्रॉनच्या खालचे कण आणि दुसऱ्यात श्वासात येणारी सगळी धूळ, पण अंदाज येतो. थंडीत घासायचं काम दुपारी अकरा ते चारमध्ये ठेवा, ऊन असतं, वारा हलतो, दार उघडं ठेवता येतं.

पावसाळ्यात जेव्हा बाहेर काढणंही जमत नाही आणि पाऊस खिडकीतून आत येतो तेव्हा फिल्टरची पेटी कामाला येते. अमेरिकेत कोविडच्या काळात कॉर्सी आणि रोझेन्थाल या दोघांच्या नावाची पेटी गाजली, चार बाजूंना फिल्टर आणि वर पंखा. आपल्याकडे तसे चौकोनी बॉक्स फॅन सहज मिळत नाहीत म्हणून बारा इंची एक्झॉस्ट फॅन वापरायचा. प्लायची चौकट करून दोन किंवा चार बाजूंना घड्यांचे फिल्टर बसवा, वरच्या बाजूला फॅन, हवा फिल्टरमधून आत यावी आणि फॅनमधून वर जावी अशी दिशा. असं केलं की मोटरला स्वच्छ हवाच लागते आणि ती भुकटीने जाम होत नाही. फिल्टर मर्व्ह १३ किंवा जुन्या युरोपीय पद्धतीने एफ ७ दर्जाचा मागा. आपल्या एमआयडीसीत औषधांचे कारखाने आहेत, त्यांच्या एअर हँडलिंग युनिटला असे फिल्टर लागतात, त्यामुळे इंडस्ट्रियल फिल्टरवाल्यांना विचारलं की माप सांगून करून मिळतात. बाहेरून एक जाड कापडी प्री-फिल्टर लावा आणि तो अधूनमधून व्हॅक्यूमने साफ करा. फिल्टर जेवढे जास्त तेवढा फॅनवर ताण कमी, एकच फिल्टर लावून फॅन गुदमरवू नका. ही पेटी कामाच्या वेळी तोंडासमोरची धूळ थांबवत नाही, नंतर खोली लवकर साफ करते, तेवढीच अपेक्षा ठेवा.

मास्क

रुमाल बांधून काम करणारे मिस्त्री आपण रोज बघतो. रुमाल आणि सर्जिकल मास्क, दोन्हीला कडेने फट राहते, बारीक धूळ तिथूनच जाते. एन ९५ किंवा आपल्या आयएस ९४७३ मानकाचा एफएफपी २ घ्या, कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागे जाणारे दोन पट्टे असलेला चांगला बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मग जोरात श्वास सोडा, हवा डोळ्याकडे आली तर परत बसवा, चष्म्यावर वाफ आली तरी तेच. दाढी असेल तर डिस्पोजेबल मास्क कुठलाही नीट बसणार नाही, दाढीवाल्यांनी बॅटरीच्या पंख्याचा, डोक्यावर सैल बसणारा हूडवाला मास्क बघावा नाहीतर दाढी काढावी. जे दर आठवड्याला काम करतात त्यांना रबरचा हाफ फेस मास्क आणि बदलायचे पी ३ किंवा पी १०० फिल्टर हेच शेवटी स्वस्त पडतं. लॅकर, मेलामाइन, पीयू मारताना मात्र धुळीचा फिल्टर उपयोगाचा नाही, त्याला ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज लागतं.

मशीन बंद झालं की लोक पहिला मास्क काढतात आणि मग झाडायला घेतात. त्या वेळी हवेत सगळ्यात जास्त धूळ असते. आवरून होईपर्यंत मास्क तोंडावरच पाहिजे.

आवरणं

सुका झाडू आणि ब्लोअर, दोन्ही शेडमधून बाहेर काढा. दिवसभर खाली बसलेली बारीक धूळ ब्लोअर दहा सेकंदांत परत हवेत आणतो. व्हॅक्यूमला ब्रश लावून वरून खाली साफ करा, आधी कपाटाचा माथा, ट्यूबलाइट, पंख्याची पाती, मग टेबल, शेवटी जमीन, आणि मग ओल्या फडक्याने पुसा. कापडी पडदे, गोणपाट, उघड्यावर रचलेले पुठ्ठे, यात धूळ साठून राहते आणि हात लागला की उडते. अंगावरचे कपडे तिथेच काढायची सोय करा, एक जुना शर्ट फक्त कामाचा ठेवा, अंगावर एअर गन मारून साफ व्हायची सवय असेल तर ती सोडा. हात-तोंड धुऊन मगच घरात, त्याच कपड्यांत लहान मुलाला कडेवर घेऊ नका.

आगीचं दोन ओळीत. ज्या व्हॅक्यूमने लाकडाची भुकटी ओढता त्यानेच ग्राइंडरच्या ठिणग्या ओढू नका, डब्यातली भुकटी आतल्या आत धुमसते आणि पेट घेते ते तासाभराने कळतं. जवसाचं तेल किंवा तेलाचं पॉलिश लावलेली चिंधी बोळा करून भुशाच्या डब्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकते, आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर जास्तच. चिंध्या मोकळ्या पसरून उन्हात कडक वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

पॅलेटचं लाकूड वापरणाऱ्यांनी कापायच्या आधी शिक्का बघावा. ओंबीच्या चित्राशेजारी एचटी अक्षरं असतील तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घेऊच नका. शिक्काच नसेल आणि वर तेलाचे, केमिकलचे डाग असतील तर तेही सोडा, त्यावर काय सांडलंय ते कोणालाच सांगता येत नाही.

साठलेल्या भुशाचं काय करायचं ते लाकडावर ठरतं. शुद्ध लाकडाचा, पॉलिश नसलेला भुसा आणि ढलप्या कंपोस्टमध्ये थोड्या थोड्या चालतात, शेणात मिसळून टाका, ओळखीत कोणाकडे भुशाची शेगडी असेल तर त्यांना द्या. एमडीएफ, प्लाय, सनमायका आणि जुनं रंगवलेलं लाकूड यांची भुकटी बागेत नको, गुरांखाली अंथरायला नको, आणि शेगडीत किंवा बंबात तर अजिबात नको, तिचा धूर विषारी असतो. ती जाड पिशवीत भरा, हवा दाबून काढू नका कारण ती तोंडावरच येते, गाठ मारून घंटागाडीत सुक्या कचऱ्यात द्या, आणि गाडीवरच्या माणसाला आत काय आहे ते सांगा म्हणजे तो पिशवी फोडून बघणार नाही.